ओर्येमच्या वाट्याची कडू मुळी

तळ्याकाठचा मोठा तुरुंग, युगांडा
१४ मार्च १९६३

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र तसंच चुलीत टाकलं नसेल, तर तुमचे उपकार. मी ओर्येम. तुमच्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि तुमच्या धाकट्या भावाला, किलामाला, मारणारा. ही दोन नाती एका ओळीत लिहायला मला तीन वर्षं लागली.

इथे महिन्याला एक कागद मिळतो. लिहिलेला कागद आधी शिपाई लाबेजा वाचतो. आपली अचोली भाषा कळणारा इथे तोच एक, म्हणून आपल्या मुलखाची सगळी सुखदुःखं त्याच्या डोळ्यांखालून जातात. परवा त्यानेच सांगितलं की माझी बहीण अचिरो तुमच्या घरी नाही, ओढ्यापलीकडे आमच्या बापाच्या घरी राहते आणि पोरं तुमच्याकडे आहेत. रक्त पडलं की दोन कुळांनी एका भांड्यातलं खायचं नाही, एका झऱ्याचं पाणी प्यायचं नाही, हे मला काय ठाऊक नाही? पण मला वाटलं, एव्हाना मिटलं असेल. गुरं दिली गेली असतील, तुम्ही सगळे जेवलाही असाल.

खरं सांगू, मी कोर्टातसुद्धा हेच समजत होतो. जज्जाने विचारलं, किलामाला तू मारलंस का. मी हो म्हणालो. वकिलाने माझी बाही ओढली, तरी मी पुन्हा हो म्हणालो. भाला माझा, रक्त त्याचं, मग नाही कसं म्हणणार? आपल्याकडे पोराला बोलता यायला लागलं की शिकवतात, रक्त पडलं तर आधी तोंडाने कबूल कर, पुढचं म्हातारे बघतील. मी कबूल केलं आणि म्हाताऱ्यांची वाट बघत उभा राहिलो. म्हातारे काही आले नाहीत. जज्जाने आपल्या डोक्यावर काळं फडकं ठेवलं आणि फाशी सुनावली. पुढे गव्हर्नर साहेबाने फाशी रद्द केली आणि लिहिलं, साहेबाची मर्जी असेपर्यंत आत ठेवा. आता साहेब गेल्या ऑक्टोबरात बोटीत बसून निघून गेला. मर्जी तेवढी इथेच ठेवून गेला.

माझ्या कागदावर फिर्यादी म्हणून तुमचं नाव नाही. तुमच्या आईचंही नाही. राणीचं आहे. मी तिला कधी पाहिलं नाही, तिचं माणूस मारलं नाही. स्वातंत्र्यानंतर एका कारकुनाने ते नाव खोडून वर सरकारचं लिहिलं. सरकारलाही मी ओळखत नाही.

अचिरो कशी आहे एवढंच कळवा. मी आणखी काही मागत नाही.

तुमचा,
ओर्येम


मिशन शाळा
२० मे १९६३

ओर्येम,

पत्र मिळालं. चुलीत टाकणार होतो. शाळेत चूल नाही म्हणून वाचलं.

अचिरो बरी आहे. ओढ्याच्या अलीकडून मी तिला पाहतो, पलीकडून ती पोरांना पाहते. धाकटी दीड वर्षाची होती तेव्हा ती गेली. आता पोर तिला 'पलीकडची बाई' म्हणते. सणासुदीला ती तिळाचा कूट घालून भाजी करते आणि ओढ्याकाठी ठेवते. मग तिच्या लक्षात येतं की आम्हाला ती खाता येणार नाही, आणि परत उचलून नेते. दरवेळी हेच. माझी आई म्हणते, वेडी झाली ती. मला तसं वाटत नाही.

तुझ्या कुळाने गुरं दिली. दहा. कमी नाहीत, जास्त नाहीत. ती गुरं मुलीच्या बापाला देऊन आम्ही माझ्या सर्वांत धाकट्या भावाचं लग्न केलं, मुलगा झाला की नाव किलामा ठेवायचं म्हणून. म्हणजे एवढं झालं. राहिली ती कडू मुळी. दोन्ही कुळांची माणसं गुडघे टेकून, हात पाठीमागे बांधून, एकाच कटोऱ्यातून मुळी घातलेली दारू पीत नाहीत तोवर अचिरोला माझ्या चुलीपाशी बसता येत नाही. आणि म्हातारा ओवोर ऐकायला तयार नाही. म्हणतो, ज्याच्या हाताने रक्त पडलं त्याच्याच तोंडाने मुळी प्याली पाहिजे. तो जिवंत असताना दुसरा कोण पिणार?

वाटेचे वेगळे धरून दोन दिवस सोडतील का तुला? मी स्वतः आणून पोचवीन, लिहून देतो.

तुझ्याबद्दल मला काय वाटतं ते विचारू नकोस.

लातिगो


तळ्याकाठचा मोठा तुरुंग
११ जून १९६३

भाऊजी,

दोन दिवसांची रजा मागितली. जेलर इतका हसला की टोपी काढून ठेवावी लागली. माणूस वाईट नाही. काळा आहे, तुमच्या-माझ्यासारखा. गोरा जेलर गेला तेव्हा त्याची खुर्ची, किल्ल्या आणि नियमांचं जाड पुस्तक याला मिळालं. नंतर म्हणाला, 'बाबा, तू खून केलास म्हणून आत आहेस. बहिणीच्या सासरी जेवायला जायचंय म्हणून कुणी बाहेर सोडतं का?' त्याला मी मुळीचं सांगितलं. तो दुसऱ्या मुलखाचा, पण त्यालाही समजलं. म्हणाला, माझ्या आज्याच्या वेळी आमच्यातही असंच काहीसं होतं. मग पुस्तक उघडून बराच वेळ शोधलं बिचाऱ्याने. त्यात नव्हतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी इथलं सांगतो. इथे आम्ही सहाशे आहोत. मक्याचा घाटा आणि घेवडा मिळतो, पोट भरतं. पण जेवायला एकामागे एक बसवतात, म्हणजे पुढच्याची पाठ बघत खायचं. तोंडासमोर तोंड आलं तर बोलणं होईल, बोलणं झालं तर कट होईल, असं पुस्तकात आहे म्हणे. तीन वर्षांत मी कुणाला जेवताना पाहिलेलं नाही. आपल्याकडे एकट्याने जेवणाऱ्या माणसाला लोक चेटक्या समजतात. इथे सहाशे चेटके आहेत.

घरी होतो तर शिक्षा काय झाली असती? गुरं गेली असती, मान खाली गेली असती, तुमच्या आईसमोर उभं राहून सगळं बोलावं लागलं असतं. ते सोपं नव्हतं. त्याची मला भीती वाटायची. पण त्याला शेवट होता हो.

मी येऊ शकत नाही, तर म्हाताऱ्यांनी मुळी घेऊन इथे यावं. नाही का चालणार?

ओर्येम


मिशन शाळा
३ ऑक्टोबर १९६३

ओर्येम,

तू जाळीतून जेवढं पाहिलंस तेवढंच तुला ठाऊक आहे, म्हणून बाकीचं लिहितो.

कापसाच्या लॉरीत दोन दिवस बसून आम्ही चौघे आलो. ओवोर जन्मात पहिल्यांदा नाईल ओलांडून आला आणि सगळ्या वाटेत, पाणी फार आहे, एवढंच बोलला. बरोबर मेंढा, बोकड आणि मुळीची पुरचुंडी. दारू वाटेत हिंदकळून निम्मी झाली. फाटकावर तुझ्या जेलराने पुस्तक उघडलं. बाहेरचं खाणं नाही, दारू नाही, जनावर नाही, धार्मिक विधी करायचा तर पाद्री लागतो. भेटीला वीस मिनिटं, जाळीच्या अलीकडून. तेवढ्यात बोकडाने त्याच्या दारातली फुलझाडं खाल्ली. पुस्तकात बोकडाबद्दल दंड नव्हता, म्हणून बरं.

ओवोरने त्याला विचारलं, 'पोराला सोडायला तुमच्या सरकारला किती गुरं पाहिजेत?' जेलर म्हणाला, सरकार गुरं घेत नाही. 'मग सरकारला हवंय तरी काय त्याच्याकडून?' जेलर पुस्तक चाळू लागला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं असं मला वाटलं.

जाळीतून कटोरा जात नव्हता. ओवोरने बोटं घालून पाहिली. तू उभा होतास, मी उभा होतो, आणि वीस मिनिटं संपली. मी घरून निघताना ठरवलं होतं की तुझ्याकडे बघून थुंकायचं. तुझे पुढचे दात गेलेले दिसले आणि ते राहून गेलं. कोणी पाडले, हे विचारायचंही राहून गेलं.

घरी आल्यावर अचिरोने ओढ्यापलीकडून विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, जाडा झालाय.

लातिगो


मिशन शाळा
९ फेब्रुवारी १९६४

ओर्येम,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. आता शाळेचे कागद संपत आले, म्हणून हेच पाठवतो.

दोन्ही कुळांचे म्हातारे तीन दिवस झाडाखाली बसले होते. पहिले दोन दिवस तर भांडण एवढ्याचंच, की तू नक्की कोण आहेस. पळालेला नाहीस, कारण पळालेला परत येऊ शकतो. परदेशी गेलेला नाहीस, कारण त्याला बोलावता येतं. माणूस जिवंत आहे, कुठे आहे ते ठाऊक आहे, त्याला यायचंय, आम्हाला तो हवाय, आणि तरी तो येऊ शकत नाही, कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. असा माणूस आपल्यात यापूर्वी नव्हता. गोऱ्यांनी भिंत बांधली तेव्हा तो पहिल्यांदा तयार झाला. जुन्या म्हणींत, जुन्या तंट्यांत, कशातच त्याला जागा सापडेना.

तिसऱ्या दिवशी ओवोर म्हणाला, आपल्याला ठाऊक असलेल्यांत या माणसाच्या सगळ्यांत जवळचा कोण असेल, तर मेलेला. आणि मारणारा मेला असेल तर त्याचा पुतण्या त्याच्या तोंडाने मुळी पिऊ शकतो. त्याला वाट आहे.

तेव्हा त्यांचं म्हणणं असं. तुझ्या कुळाने तुझे दिवस घालावेत. प्रेत नसतं तेव्हा प्रेताच्या जागी झाडाचं ते लांब फळ पुरतात, तसं पुरावं. मग तुझ्या थोरल्या भावाच्या मुलाने माझ्यासमोर गुडघे टेकावेत. त्याच दिवसापासून अचिरोला घरी येता येईल. पण मेलेला माणूस पुढे कधी उठून आला, तर प्यालेली मुळी सांडली असं होतं. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि ती पुन्हा ओढ्यापलीकडे.

तुझ्या शब्दाशिवाय ते करणार नाहीत. निदान एवढी लाज त्यांना आहे.

नको म्हण. तू नको म्हणालास तर मला राग येणार नाही. हो म्हणालास तर काय वाटेल ते मला सांगता येत नाही. थोरली वयात आली आहे, तिला काही विचारायचं असतं आणि ती माझ्याकडे बघून ओढ्याकडे निघून जाते. मी बाप आहे, मला काय कळतंय त्यातलं? अचिरोला हे काही ठाऊक नाही. ठाऊक झालं तर ती ओढ्यात उभी राहून मला शिव्या देईल.

लातिगो


तळ्याकाठचा मोठा तुरुंग
१ मार्च १९६४

भाऊजी,

मेलं कोंबडं आगीला भीत नाही. धरा मला मेलेला.

विचार करायला मी महिनाभर घेतला असं समजू नका. कागदच एक तारखेला मिळतो. मला एक रात्र पुरली, आणि त्यातही मी बराचसा झोपलो. इथे आमचे नंबर आहेत, माझा चार आकडी आहे. सकाळी नंबर पुकारतात, मी ओ देतो. ओर्येम म्हणून मला शेवटची हाक कुणी मारली, ते आठवायला गेलो तर कोर्टातला दुभाष्या आठवला. तेव्हा माझं असं काही मोठं जात नाही.

फक्त एक मागणं आहे आणि ते तुम्हाला आवडणार नाही. अचिरोला हे म्हाताऱ्यांचं नाटक आहे असं सांगू नका. मी तिला ओळखतो. आमची आई गेली तेव्हा तिने मला पाठीवर बांधून शेत खुरपलं आहे. भाऊ जिवंत आहे हे ठाऊक असताना त्याच्या नावाने पुरलेल्या फळावर ती कधी माती टाकणार नाही, आणि माती टाकल्याशिवाय ती तुमच्या घरात कशी येणार? तिला सांगा, तुरुंगात तापाने गेला. त्रास झाला नाही म्हणा. चांगला जाडजूड होता म्हणा, तुम्ही आधी तेच सांगितलं आहे ना.

ती रडेल. पण रडणं संपतं. ओढ्याकाठी भाजी ठेवून परत उचलून नेणं संपत नाही.

फळ मात्र चांगलं बघून घ्या, किडकं नको. आणि माझा पुतण्या तोंडाचा फटकळ आहे. मुळी फार कडू असते. पिताना त्याने तोंड वाकडं केलं तर कुणी हसू नका, तो माझ्या वाट्याचं पितोय.

तुमचा,
ओर्येम

(खाली वेगळ्या अक्षरात:) मास्तर, मी शिपाई लाबेजा. हे पत्र मी वाचलं, ते माझं काम आहे. यात नियमाविरुद्ध काही आढळलं नाही. गावातून कुणी मला विचारलं तर, चार नंबरच्या बराकीत तापाने एक माणूस गेला, असं मी सांगेन. तसे जातातच. तो रात्री झोपला असं लिहितो ते खोटं आहे. पहारा माझा होता.


मिशन शाळा
१८ जून १९६४

ओर्येम,

झालं.

तुझ्या पुतण्याने तोंड वाकडं केलं नाही. मी केलं. आमची कपाळं एकमेकांना लागली होती, हात पाठीमागे होते, आणि कटोऱ्यात माझंच तोंड दिसत होतं. मेंढा आणि बोकड मधोमध कापून अर्धे-अर्धे बदलून घेतले. मग सगळे एकत्र जेवले. चार वर्षांनी दोन्ही कुळांचे लोक तोंडासमोर तोंड करून जेवले आणि इतके बोलले की ओवोर म्हातारा वैतागून उठून गेला.

अचिरो आठ दिवस रडली. डोकं भादरलं. नवव्या दिवशी गाठोडं घेऊन ओढा उतरून आली. धाकटीने दारातून ओरडून सांगितलं, पलीकडची बाई आली. अचिरो आत आली. चुलीपाशी बसली, राख काढली, पीठ कुठे ठेवतोस म्हणून मला विचारलं. स्वतःच्या घरात विचारलं. मग नाचणीचा गोळा केला आणि आई धरून आम्ही पाचही जण एका टोपल्यातून जेवलो. थोरली रात्री तिच्या अंगावर पाय टाकून झोपली. तू हे पाहायला हवं होतंस, असं लिहिणार होतो.

एक सांगायचं राहिलंय. मुळी पिण्याआधी दोन्ही बाजूंनी खरं बोलायचं असतं. तुझ्या पुतण्याने तुझं सांगितलं. माझं मी तिथे सांगितलं नाही, इथे सांगतो. शिकारीच्या दिवशी मी वारुळावर उभा होतो. तुझा भाला हरणावर सुटला आणि किलामा आडवा धावला. मी पाहिलं होतं. कोर्टात मला विचारलं, भाला कुणाचा. मी म्हटलं, ओर्येमचा. मग विचारलं, भाऊ कशाने मेला. मी म्हटलं, भाल्याने. कसा, ते विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. माझा भाऊ मेला होता, मला राग धरायला तू हवा होतास. मला वाटलं, चार-दोन महिने आत राहील. नंतर मी बोललो असतो. पण नंतर विचारायला कुणी आलंच नाही. त्यांच्यात एकदा कागद बंद झाला की झाला.

हे माझं शेवटचं पत्र. मेलेल्याला पत्र लिहीत नाहीत, आणि शाळेत तुझं टपाल आलं तर कधीतरी तिच्या हाती लागेल. तूही लिहू नकोस.

माझा राग संपला, ओर्येम. ज्याला सांगायचं त्याला तो संपल्यावर सांगतोय.

लातिगो


नाईलच्या पुलाजवळ
२२ नोव्हेंबर १९६८

भाऊजी,

लिहू नकोस म्हणालात, साडेचार वर्षं ऐकलं. हे एवढं एक वाचा.

मला सोडलं. कुठलीशी कमिटी आली, जुनी कपाटं उघडली, आणि त्यांना साहेबाच्या मर्जीवर ठेवलेले अकरा जण सापडले. ज्या साहेबाच्या मर्जीवर होते तो सहा वर्षांपूर्वीच गेला, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. अकरातले चार मेलेले निघाले, खरोखरचे. उरलेल्या आम्हाला एक-एक सदरा दिला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. जेलराने हात हातात घेऊन म्हटलं, जा, घरी जा.

तुमच्यावर माझा राग नाही, हे आधी सांगतो. वारुळाचं मला ठाऊक होतं. किलामा पडला आणि मी वर पाहिलं तेव्हा तुम्ही तिथे होतात. कोर्टात तुम्ही मान खाली घातलीत तेव्हाच मला कळलं की तुमचं दुःख माझ्यापेक्षा मोठं आहे. ते तसंच असायला पाहिजे होतं.

मी घरी यायचं नाही हे मला ठाऊक होतं. तरी उत्तरेच्या गाडीत बसलो. पाय ऐकत नाहीत. गेल्या मंगळवारी दुपारी, तुम्ही शाळेत असताना, मी ओढ्याच्या अलीकडून तुमच्या घरावरून गेलो. टोपी ओढून घेतली होती. ओळखायला माझ्यात उरलंय काय? दात नाहीत, केस पांढरे, अंगावर सरकारी सदरा. फक्त बघून पुढे जायचं होतं.

ती अंगणात तीळ पाखडत होती. जाडी झाली आहे, आणि या वेळी मी खरं सांगतोय. थोरली शेजारी बसून बडबडत होती. मी थांबलो असेन जरा जास्त. अचिरोने हात कपाळावर धरून पाहिलं.

'कोण पाहिजे, बाबा?'

मी म्हटलं, 'कुणी नाही. वाट चुकलोय.'

'उन्हाचं कुठे चाललात? पाणी तरी प्या.' आत गेली आणि कटोरा भरून घेऊन आली. तुमच्या घरचं पाणी, भाऊजी, किलामाच्या कुळाच्या झऱ्याचं. मी दोन्ही हातांनी घेतलं आणि प्यालो. ती उभी राहून बघत होती. 'कुणाकडचे तुम्ही?' मी लाबेजाच्या कुळाचं नाव सांगितलं. म्हणाली, 'दक्षिणेकडून आलात का? सदरा तिकडचा दिसतोय. माझा भाऊ होता तिकडे. तापाने गेला.' मी म्हटलं, 'वाईट झालं.' ती म्हणाली, 'त्रास झाला नाही म्हणतात.' मग माझ्या हातातून कटोरा घेतला आणि विचारलं, 'आणखी देऊ?' मला आणखी हवं होतं. मी नको म्हटलं.

वळलो तेव्हा मागून थोरलीचा आवाज आला, 'कोण होते गं, आई?'

'कुणी नाही. वाटसरू होता.'

इथे पुलाजवळ रस्त्याचं काम चाललं आहे, मला खडी फोडायला ठेवून घेतलंय. आत हेच करत होतो, हात तयार आहेत. मुकादमाने नाव विचारलं तेव्हा मी आधी नंबर सांगितला. दुपारी सगळे गोल करून जेवतात. मी थोडा लांब बसतो, ते बोलावतात तरी. समोर बसलेल्या माणसाकडे बघत कसं जेवायचं ते मला आता जमत नाही. जमेल हळूहळू.

पत्र वाचून झालं की जाळून टाका. घरच्या चुलीत नको, ती विचारेल कसला कागद म्हणून.

तुमचा